स्वतःच्या शब्दांत

बाबांच्या उशाशी लाल कापडी पाठीची एक लांबट वही असायची. घरखर्चाची. महिनाअखेरीला आई विचारायची, "गणपतीचं जमेल ना?" बाबा वही पत्त्यांसारखी छातीशी धरून उघडायचे, पानावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "तसं ठीक आहे. एक-दोन ठिकाणी ओढाताण झाली, एवढंच."

"वही बघू इकडे."

"अगं, सांगतोय ना मी!" वही मिटलेली असायची.

लोकसभेच्या कामकाजाचे नियम चाळताना (छंद असतात एकेकाचे!) ३६८ वा नियम दिसला आणि ती वही आठवली. मंत्र्याने सरकारी कागदातला उतारा सभागृहात वाचला, तर तो कागद पटलावर, म्हणजे सगळ्या सभागृहापुढे, ठेवायचा. म्हणजे आईचंच म्हणणं! पण पुढे दोन पळवाटा आहेत. कागद उघड करणं लोकहिताचं नाही, असं मंत्र्याने सांगितलं तर ठेवायला नको. आणि गोषवारा स्वतःच्या शब्दांत सांगितला, तरीही नको. ही दुसरी वाट बाबांना कुणी शिकवली असेल?

१९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवाची लष्करी चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी केली. हिमालयाच्या मदतीला गेलेल्या आपल्या सह्याद्रीने, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी, २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत त्यांच्या अहवालाचं सार सांगितलं: प्रशिक्षण कुठे कमी पडलं, साधनसामग्रीचं काय, सेनाधिकाऱ्यांचं काय. अहवाल मात्र दिला नाही. सुरक्षितता आणि जवानांचं मनोधैर्य, ही कारणं. युद्धाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ती पटतात. पण २०१० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री अँटनी यांनीही संसदेला तो आजही संवेदनशील असल्याचंच सांगितलं. मार्च २०१४ मध्ये विरोधी बाकावरच्या जेटलींनी लिहिलं, असे जुने दस्तऐवज कायमचे दडवून ठेवू नयेत. जुलैत तेच संरक्षणमंत्री होते आणि राज्यसभेला उत्तर गेलं, अहवाल उघड करणं राष्ट्रहिताचं नाही.

मला यात दुटप्पीपणापेक्षा हाती आलेल्या किल्लीचा गुण जास्त दिसतो.

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वही आईकडे आली. डोळे बरे झाले तरी परत गेली नाही. परवा बाबांनी विचारलं, "या महिन्यात किती उरले गं?"

आई भाजी निवडत होती. वही तिच्या मांडीखाली.

"आहेत," ती म्हणाली. "तसं ठीक आहे."