कोपरखैरणेत दोन वेळचं परवडणारं जेवण शोधलं त्याची गोष्ट (माझा अनुभव)

मी मूळची लातूरची. जून २०२२ ला नवी मुंबईत महापेला एमआयडीसीत जॉब लागला आणि कोपरखैरणेत आम्ही तिघींनी मिळून वन आरके घेतला. घरमालकीण काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की सिलिंडर बिलिंडर काही आणायचं नाही, इंडक्शनवर चहा-खिचडी करा फार तर. म्हणजे दोन्ही वेळचं जेवण बाहेरच.

पहिला महिना ॲपवरच गेला. थाळी दिसायची १३० ला, मग पॅकिंग, डिलिव्हरी, अजून कसला तरी चार्ज, सगळं धरून १९० च्या पुढं. एकदा नेट चालेना म्हणून त्याच हॉटेलात चालत गेले, घरापासून सात मिनिटं फक्त, तर तिथल्या कार्डावर तीच थाळी १०० ला! मी विचारलं तर काउंटरवरचा दादा म्हणाला, "ॲपवाले कमिशन कापतात ना ताई, तिथं रेट वाढवूनच टाकावा लागतो." महिनाअखेरीला हिशोब केला तर खाण्यावरच नऊ हजारांच्या वर गेलेले, आणि हातात येणारा पगार २२ हजार. आईला हा आकडा अजून सांगितलेला नाही.

मग मेस लावली. ३,२०० ॲडव्हान्स, दोन वेळ, घरगुती जेवण वगैरे. पहिले आठ दिवस खरंच घरगुती होतं, नंतर वरणात डाळ शोधावी लागायची आणि आठवड्यातून चार दिवस बटाटा, एकदा रात्रीचा भात दुसऱ्या दिवशी दुपारी परतून आला आणि मी दोन दिवस ऑफिसला जाऊ शकले नाही. पैसे परत मागितले तर म्हणे मिळत नाहीत, बोर्डवर लिहिलंय. लिहिलं होतं खरं, कॅलेंडरच्या मागं झाकलेलं. तेव्हापासून मी महिन्याचे पैसे एकदम कुणालाच देत नाही, दहा कूपन घेते नाहीतर रोजचे रोज देते, थोडं महाग पडलं तरी चालेल.

१० रुपयांची शिवभोजन थाळी पण ट्राय केली. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली ती स्कीम, दोन चपात्या, भाजी, वरण, भात. चव ठीक होती. पण केंद्राला दिवसाच्या थाळ्या ठरवून दिलेल्या असायच्या, माझा लंच ब्रेक दीडचा, मी पोचेपर्यंत संपलेल्या.

खरा मार्ग सापडला तो शेअर रिक्षात. स्टेशनवरून महापेला जाताना पुढं ट्रॅफिक होतं म्हणून सहज विचारलं, दादा तुम्ही दुपारी जेवता कुठं? तो हसला. "आम्ही जेवतो तिथं तुम्ही बसाल का?" म्हणलं बसेन की. मग त्याने पत्ता सांगितला तो असा, तीन टाकीच्या मागची गल्ली, बोर्ड नाही, निळा पत्रा बघायचा आणि बाहेर चपला.

शनिवारी गेले. आत आठ-नऊ जण, सगळे पुरुष, टीव्हीवर बातम्या, आणि मी दारात आले तसं सगळ्यांचे घास हातातच. मी मागं फिरणारच होते, तेवढ्यात आतून मावशी ओरडल्या, "आत ये गं, इकडं बस माझ्यापाशी," आणि मला शेगडीजवळच्या स्टुलावर बसवलं. आख्खा मसूर, दोन ज्वारीच्या भाकरी, खर्डा, कांदा, थोडा भात, ८० रुपये. भाकरी लातूरसारखी पातळ नव्हती, जरा जाड होती, पण दीड महिन्यानं ज्वारीची भाकरी मिळत होती, मी तिसरी मागून घेतली. तिचे पैसे मावशींनी धरले नाहीत.

हळूहळू ओळख झाली तसं कळत गेलं. या गल्ल्यांतली घरं म्हणजे सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची बैठी घरं, मार्केटात ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांना मिळालेली, आता बघाल तर प्रत्येकावर दोन-तीन मजले चढलेत आणि खाली पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, शिलाई मशीन नाहीतर खानावळ. माथाडी लोक बरेचसे सातारा-सांगलीकडचे, म्हणून आख्खा मसूर आणि खर्डा. मावशींचे मिस्टर वाशीला भाजी मार्केटला पाठीवर माल वाहतात. तिथं गाड्या रात्री लागतात आणि धंदा पहाटे, त्यामुळं ही माणसं सकाळी दहा-साडेदहाला जेवायला येतात आणि दीडला भाकरी संपलेली असते. मी आधी दोनदा दीडला जाऊन नुसता भात-आमटी खाऊन आले होते आणि मनात म्हणत होते की काय ही खानावळ. चूक माझीच, इथलं घड्याळ मार्केटच्या ड्यूटीवर चालतं. आता मी सकाळी ऑफिसला जाताना साडेनऊला डबा भरून घेते, गरम, ७० रुपये, डबा माझा. शनिवार-रविवार आरामात बसून खाते. मटण फक्त बुधवार-रविवार, रस्सा मागाल तेवढा. सोमवार, गुरुवार, शनिवार नाव काढायचं नाही आणि श्रावणात तर महिनाभर नाहीच.

माशांचं वेगळंच झालं. सेक्टरच्या सरळ रस्त्यांवर चालता चालता एकदम अरुंद गल्ली लागते, मधे विहीर, देऊळ, एकमेकांना चिकटलेली घरं, तर ते गावठाण असतं. १९७० ला सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली, पण गावं कुठं गेली नाहीत, ती सेक्टरांच्या मधेच आहेत. कोपरखैरणेला लागून बोनकोडे गाव आहे, तिथं एका आगरी काकूंकडं मला ऑफिसातली मैत्रीण घेऊन गेली. घरातच चार टेबलं. जुलै होता. मी ऐटीत सुरमई मागितली तर काकू म्हणाल्या, आता कुठली ताजी सुरमई, बोटी बंद आहेत. मला काय माहीत, लातूरला कुठला समुद्र, १ जून ते ३१ जुलै मोठ्या बोटींना बंदी असते हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्याच आठवड्यात एका एसी हॉटेलात ३५० ची सुरमई थाळी खाल्ली होती, ती बर्फातली होती तर. काकूंनी जवळा कांद्यावर परतून दिला, तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, ९० रुपये. वासाची सवय व्हायला दोन वेळा लागले, खोटं कशाला बोलू. ऑगस्टमध्ये बांगडा आला आणि पहिल्याच दिवशी माझ्या घशात काटा अडकला, मी घाबरून पाणी पिते पिते तर काकू म्हणतात, "पानी नको, सुका भात गिल गो, मोठा गोला कर." गेला काटा.

नवीन ठिकाणी गेले की मी आता एकच प्रश्न विचारते, आज भाजी कसली आहे? एक-दोन नावं आली तर बसते. पनीर, मशरूम, व्हेज कोल्हापुरी अशी दहा नावं धडाधड आली तर सगळ्याची ग्रेव्ही एकच असणार, सॉरी दादा म्हणून निघते. मैत्रिणी हसतात, पण फसले क्वचितच. आणि हो, कधी कधी रविवारी ठाण्याची लोकल पकडून मामलेदारची मिसळ, तिथं मी मध्यम तिखटच घेते, लातूरची असून. गर्दीत उभं राहायची तयारी पाहिजे.

आता महिन्याला साडेपाच हजारांत भागतं, त्यात मटणाचे दोन रविवार धरून.

या एप्रिलमध्ये मात्र सकाळी डबा घेऊन गेले तर निळ्या पत्र्यावर खडूनं लिहिलेलं, 'गावची यात्रा असल्यामुळे खानावळ बंद'. तारीख नाही, काही नाही. सगळी गल्लीच गावाला गेल्यासारखी, शेजारची गिरणी पण बंद. मावशींना फोन लावला तर मागं हलगी वाजत होती, मोठ्यानं म्हणाल्या, "सोमवारी येतोय आम्ही, तवर तुझं तू खिचडी टाक, आणि मीठ जपून घाल गं, मागच्या वेळची आणून दाखवलीस ती खारट होती!"