हिरवी नळी

मिरजेच्या एका दवाखान्यात मी चौदा वर्षं थिएटर सिस्टर आहे. पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन असलं की कॅमेरा माझ्या हातात असतो. सर स्क्रीनकडे बघून काम करतात, म्हणजे मी दाखवीन तेवढंच त्यांना दिसतं. आत जाण्याआधी दुर्बीण गरम सलाइनमध्ये बुडवायची, नाहीतर पोटात गेल्या गेल्या भिंगावर वाफ धरते. आमच्या दुर्बिणीचं तोंड 30 अंशांत तिरकं आहे. लाइटची केबल फिरवली की तीच नळी दुसऱ्या बाजूनं दिसते.

काही वर्षांपूर्वी दुसरीकडे ऑपरेशन झालेली एक बाई आमच्याकडे आली होती. पित्ताशयाची समजून यकृताकडून येणारी मुख्य नळीच कापली गेली होती. डोळे हळदीसारखे पिवळे. तिचं दुसरं, मोठं ऑपरेशन मी पाहिलंय. तेव्हापासून कॅमेरा धरताना ती बाई आठवते.

गेल्या मंगळवारी तासगावकडच्या एका मावशींचं पित्ताशय सुजून आजूबाजूला चिकटलं होतं. त्यांना सकाळीच शिरेतून आयसीजी, म्हणजे इंडोसायनिन ग्रीन नावाचं रंगाचं औषध, दिलं होतं. त्यात आयोडीन असतं म्हणून ॲलर्जीचं मी दोनदा विचारून घेतलं. यकृत हे औषध रक्तातून उचलतं आणि पित्तात सोडतं. मग 800 नॅनोमीटरच्या आसपासचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकला की पित्ताची नळी स्क्रीनवर हिरवी उजळते. प्रत्येकाच्या पोटात या नळ्यांची मांडणी थोडी वेगळी असते, पुस्तकातल्या चित्रासारखी क्वचितच. त्यामुळे त्याच माणसाचा, त्याच क्षणीचा नकाशा मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

सर म्हणाले, “सिस्टर, हिरवा करा.” मी बटण दाबलं. मुख्य नळी ठळक दिसली, पित्ताशयाची दिसेना. हा प्रकाश काही मिलिमीटरच खोल पोचतो, वर चरबीचा थर होता. सरांनी घाई केली नाही. पुन्हा साधा प्रकाश, थोडी चरबी बाजूला, पुन्हा हिरवा. असं पाच-सहा वेळा. शेवटी बारीक हिरवी रेघ पित्ताशयाकडे वळताना दिसली. तरी सरांनी पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी शिरताहेत, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, हे पुढून-मागून माझ्याकडून दाखवून घेतलं.

क्लिपा लागल्या, कात्री चालली, तेव्हा कुठे मी खांदा सैल सोडला.