फ्लायव्हीलमधून वीज: चुंबकं बसली, आता कॉइल

मंडळी, डिझेल इंजिनाच्या फ्लायव्हीलवर (इंजिनाचं जड फिरतं चाक) चुंबकं लावून बॅटरीसाठी वीज काढायच्या माझ्या प्रकल्पातला रोटर, म्हणजे चुंबकं घेऊन फिरणारा भाग, पूर्ण झाला. स्टेटरचं, म्हणजे कॉइल असलेल्या स्थिर भागाचं काम अर्ध्यावर आहे, व्होल्ट आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर तर अजून कागदावरच आहे. त्यामुळे ही नोंद मुख्यतः चुंबकं फ्लायव्हीलला कशी धरून ठेवायची याबद्दल. या छंदातले बहुतेक प्रकल्प इथेच अडतात, किंवा इथूनच उडून जातात.

इंजिन एक सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं छोटं डिझेल. वेग आवरणारा गव्हर्नर २२०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) लावलेला. ओतीव लोखंडाचं जड फ्लायव्हील बाहेरच्या बाजूला, आणि त्याच्या तोंडावर पट्ट्याची पुली लावण्यासाठी कारखान्यातूनच आटे पाडलेली भोकं. मला हवी होती ती हीच सोय. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसतं, पण ताणात कच्चं. फिरत्या चाकाचा रिम सतत ताणात असतो. अशा चाकात नवी भोकं पाडून चुंबकं स्क्रूने बसवायची कल्पना मला पहिल्यापासून पटली नाही. म्हणून फ्लायव्हीलला हात न लावता, पुलीच्या जागी लेथवर केलेली स्टीलची वाटी बसवली: आतला व्यास २०० मिमी, भिंतीची जाडी ८ मिमी. चुंबकं वाटीच्या आतल्या भिंतीला, स्टेटर मधोमध स्थिर.

वाटीच का, याचं उत्तर आकडे देतात. प्रत्येक चुंबक ४० × १२ × ५ मिमी. निओडिमियम चुंबकाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ७.५ ग्रॅम, म्हणजे एका पट्टीचं वजन १८ ग्रॅम. तिचा मध्य अक्षापासून ९७.५ मिमीवर. २२०० आरपीएमला तिथलं त्वरण गुरुत्वाच्या ५२८ पट होतं, आणि १८ ग्रॅमची ती पट्टी साडेनऊ किलोच्या जोराने बाहेर पडू पाहते. ३००० आरपीएमला हाच जोर पावणेअठरा किलो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण डिझेलवाल्यांनी ते जरा जास्तच मनावर घ्यावं. गव्हर्नर अडकला किंवा इंजिन स्वतःचंच वंगण तेल ओढून जाळायला लागलं, तर डिझेल बेफाम सुटतं आणि इंधनाचा कॉक बंद करूनही थांबत नाही. ४४०० आरपीएमला प्रत्येक पट्टीवर ३८ किलो. रोजच्या वेगालाही सुटलेली पट्टी ताशी ८१ किलोमीटरने निघते. ती कुठल्या दिशेने जाईल हे आपल्या हातात नसतं.

चुंबकं चाकाच्या बाहेरच्या घेरावर लावली, तर हा सगळा भार गोंदावर ताण म्हणून येतो. तिथे गोंदावर भरवसा ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. बाहेरूनच लावायची असतील तर वरून काचतंतू, केव्हलार किंवा कार्बन तंतूचा वेढा एपॉक्सी गोंदात भिजवून, ताण देत गुंडाळायला हवा. त्याने हवेची फट वाढते आणि तेवढं चुंबकीय क्षेत्र स्टेटरपर्यंत पोचत नाही. चाकाच्या सपाट तोंडावर लावली तर भार घसरणीचा होतो. पुष्कळांना वाटतं, चुंबक स्वतःच लोखंडाला इतका घट्ट चिकटतो, मग काय चिंता? पण सरळ उपटायला जेवढा जोर लागतो त्याच्या साधारण पाचव्या भागात तो बाजूला सरकतो. तिथे बाहेरच्या कडेला धातूचा उंच काठ हवाच.

वाटीच्या आत मात्र चुंबक जितका जोराने फेकला जाईल तितका भिंतीला टेकतो. भार स्टीलवर जातो. गोंदाकडे उरतं ते फक्त जागा न सोडण्याचं काम. मोटरसायकलच्या मॅग्नेटोत (इंजिनावरच्या वीज बनवणाऱ्या चाकात) हीच मांडणी असते. तरीही जुन्या गाड्यांत चुंबक सुटून शेजारच्याला जाऊन चिकटलेले सापडतात. म्हणजे बाहेर फेकणारा जोर हा एकच शत्रू नाही. एक सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. त्या क्षणी चाकाला पुढे झटका, कॉम्प्रेशनच्या वेळी मागे ओढ. त्यात आलटून-पालटून ध्रुव लावलेले शेजारी चुंबक एकमेकांना ओढत असतातच. आणि इंजिन बंद असताना स्टेटरचे लोखंडी दात त्यांना आतल्या बाजूला खेचतात, तेव्हा मदतीला फिरण्याचा जोरही नसतो.

इथे थोडं मागे जातो. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या फ्लायव्हीलवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे १६ चुंबक बसवलेले असत, आणि त्यांच्यासमोर स्थिर कड्यावर १६ कॉइल. इग्निशनची वीज तिथून यायची, पुढे १९१५पासून हेडलाइटही त्यावरच चालले. इंजिन हळू पडलं की दिवे मंद. ते चुंबक स्क्रू आणि पट्ट्यांनी धरलेले होते. एपॉक्सी तेव्हा अस्तित्वातच नव्हतं, त्यामुळे बांधणाऱ्यांना यंत्राच्या आकारावरच विसंबावं लागलं. माझेही ध्रुव १६ आहेत, पण तो योगायोग.

आपल्याला मात्र स्क्रूची वाट जवळजवळ बंद आहे. निओडिमियम काचेसारखा ठिसूळ असतो. ड्रिल लावलं तर तुकडे होतात, भुकटी पेट घेऊ शकते, आणि वरचा निकेलचा मुलामा फुटला की आतून गंज धरतो. तयार भोकाचे चुंबक मिळतात, पण भोकाच्या कडेपासूनच तडा जायची शक्यता जास्त.

आता सर्वात जास्त डोकं खाल्लेला भाग. गोल भिंतीवर सपाट चुंबक नीट बसत नाही. २५ मिमी रुंदीचा सपाट चुंबक २०० मिमी व्यासात ठेवला तर दोन्ही कडा टेकतात आणि मधे ०.८ मिमी पोकळी राहते. फिरताना भार मधल्या भागावर येतो, चुंबक दोन टोकांवर टेकवलेल्या तुळईसारखा वाकू पाहतो, आणि वाकणं या पदार्थाला माहीतच नाही. यावर उपाय तीन. कमानीच्या आकाराचे चुंबक मागवणं महाग. भिंतीवर मिलिंग करून सोळा सपाट पृष्ठं पाडणं म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर अवलंबून राहणं. तिसरा उपाय मी घेतला: प्रत्येक ध्रुवासाठी एका रुंद चुंबकाऐवजी दोन अरुंद पट्ट्या. पोकळी रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे १२ मिमीच्या पट्टीखाली ती ०.१८ मिमीच उरते. एपॉक्सीचा थरही साधारण ०.१ ते ०.२ मिमीचाच हवा असतो. म्हणजे मधली जागा भरून निघते आणि कडा थेट स्टीलवर टेकतात. किंमत एवढीच, की पट्ट्या ३२ झाल्या आणि एका ध्रुवाच्या दोन पट्ट्या शेजारी बसवताना एकमेकींना ढकलतात. लाकडी पाचर आणि क्लॅम्पशिवाय ते काम होत नाही, आणि बोटं मधे येऊ देऊ नका.

ध्रुवांच्या मधल्या जागेत काचतंतूच्या लॅमिनेटचे तुकडे आहेत, मागे १५ आणि पुढे १३ मिमीच्या आसपास. मागून रुंद, पुढून अरुंद असल्यामुळे ते स्वतः आत पडू शकत नाहीत आणि चुंबकांना बाजूला सरकू देत नाहीत. वाटीच्या तळाशी लेथवर काढलेली पायरी आणि उघड्या तोंडावर ॲल्युमिनियमची ३ मिमी कडी. दोन्हींची मिलिमीटरभर कड चुंबकांच्या टोकांवर आतून येते. स्टेटरचा लोखंडी गठ्ठा ३५ मिमीचा, चुंबक ४० मिमीचे, त्यामुळे ही कड हवेच्या फटीत लुडबुड करत नाही. कडी भिंतीच्या कडेत आटे पाडून एम४ स्क्रूने बसवली आहे. गोंद पूर्णपणे सुटला असं धरलं तरी पट्टीला जायला जागा नाही. खडखड ऐकू येईल, एवढंच.

भिंत ८ मिमी ठेवण्याचं कारण ताकद नाही. चुंबकीय प्रवाहाला एका ध्रुवातून शेजारच्या ध्रुवाकडे याच भिंतीतून परतायचं असतं. माझ्या हिशेबाने ८ मिमीत सुमारे ०.९ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) येतं. ४ मिमीची भिंत असती तर १.८, म्हणजे साधं स्टील तृप्त होण्याच्या, त्याला आणखी प्रवाह न झेपण्याच्या जवळ. घरगुती परीक्षा सोपी आहे: सगळे चुंबक बसल्यावर वाटीच्या बाहेरच्या अंगाला टाचणी लावून पाहा. ती घट्ट चिकटली तर भिंत पातळ आहे. माझ्या वाटीवर टाचणी घसरून पडते. ॲल्युमिनियमच्या फ्लायव्हीलवर थेट चुंबक लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. मागे लोखंडी कडं नसेल तर अर्धी वीज तिथेच हरवते.

गोंदाबद्दल. झटपट चिकटणारा सुपरग्लू नको. कारण ताकद नव्हे, तापमान. स्टील तापलं की फुगतं. निओडिमियम एका दिशेने थोडा फुगतो, आडव्या दिशेने किंचित आकसतो. वाटी ५० अंशांनी तापली तर ४० मिमीच्या पट्टीच्या प्रत्येक टोकाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा जरा जास्त फरक पडतो. ऐकायला काहीच नाही. पण सुपरग्लूचा थरच मुळी त्या मापाचा असतो आणि कडक असतो, तो चिरतो. एपॉक्सीचा जाड थर हे सोसून घेतो. मी कणखर केलेलं दोन भागांचं एपॉक्सी वापरलं आणि रात्रभर सेट झाल्यावर वाटी ६० अंशांवर काही तास शेकली. खोलीच्या तापमानाला सेट झालेली पुष्कळ एपॉक्सी ५०–६० अंशांनाच मऊ पडायला लागतात, शेकल्याने ती मर्यादा वर जाते. इथे चुंबकाची प्रतही बघा: साध्या एन प्रतीचा चुंबक ८० अंशांपर्यंतच भरवशाचा, एच १२०, एसएच १५०. इंजिनाशेजारी बसायचं असल्याने मी एसएच घेतले. फेराइट (सिरॅमिक चुंबक) उष्णतेला याहून चिवट, पण त्याचं क्षेत्र निओडिमियमच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचं.

भिंत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडली, मग ॲसिटोन, आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. चुंबकाचा मुलामा फक्त मंद करायचा, कापायचा नाही. एक मर्यादा राहतेच: गोंद मुलाम्याला चिकटतो, चुंबकाला नाही, आणि मुलामा सोलून निघू शकतो. म्हणूनच टोकांवरच्या त्या कडा आणि ध्रुवांमधले काचतंतूचे तुकडे.

बॅलन्सिंगला अपेक्षेपेक्षा कमी त्रास झाला. पट्ट्या तोलून सारख्या वजनाच्या जोड्या समोरासमोर लावल्या होत्या. या त्रिज्येवर १ ग्रॅमचा फरक २२०० आरपीएमला अर्ध्या किलोचा हेलकावा देतो, त्यामुळे तराजू दशांश ग्रॅम दाखवणारा हवा. वाटी मँड्रेलवर (मधल्या दांड्यावर) चढवून तो दांडा आधाराच्या दोन समांतर, लेव्हल केलेल्या पट्ट्यांवर लोळवला. जड बाजू खाली येते, तिथे बाहेरून थोडं स्टील खरवडलं. इंजिनावर चढवल्यावर डायल गेजने पाहिलं तर रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, ०.०५ मिमीच्या आत. १ मिमीच्या हवेच्या फटीला एवढं चालतं.

मग वेगाची चाचणी, इंजिनावर नाही. वाटी वेगळ्या बेअरिंगवर, पट्ट्याने इलेक्ट्रिक मोटरला जोडून २७५० आरपीएमपर्यंत नेली. वेग सव्वापट, भार दीडपटीहून थोडा जास्त. भोवती जाड पत्र्याचं कडं, बाहेर वाळूची पोती. उभं राहायचं ते अक्षाच्या रेषेत, चाकाच्या पातळीत कधीच नाही. प्रत्येक पट्टीपासून भिंतीपर्यंत रंगाची बारीक रेघ मारली होती. नंतर भिंगातून पाहिलं, एकही रेघ तुटलेली नाही.

वाटी मग इंजिनावर गेली. स्टेटरला १२ दात आहेत. एका दातावर २० फेऱ्यांचं चाचणीपुरतं कॉइल गुंडाळलं: ११०० आरपीएमला साडेपाच व्होल्ट, २२००ला ११च्या आसपास, म्हणजे सरळ रेषेत. वारंवारता २९३ हर्ट्झ येते. साधे मल्टिमीटर ४०० हर्ट्झपर्यंत ठीक दाखवतात, त्यापलीकडे त्यांचा आकडा जपून घ्यावा.

२४ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी प्रत्येक दातावर जाड तारेचे ७ फेरे, तीनपैकी प्रत्येक फेजची चारही कॉइल सिरीजमध्ये (एकापुढे एक) आणि स्टार जोडणी (तिन्ही फेजची एकेक टोकं एकत्र) असं ठरवलं आहे. एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर बिनभाराचे सुमारे ३६ व्होल्ट येतील. भाराखाली ते २९पर्यंत उतरावेत अशी अपेक्षा. समांतर जोडणी टाळली, कारण फट थोडी जरी कमी-जास्त असली तरी कॉइलांत आपापसात प्रवाह फिरत राहतो. कायमच्या चुंबकाचं क्षेत्र कमी करता येत नाही, म्हणून रेग्युलेटर बाहेरच हवा. मोटरसायकलचा नेहमीचा शंट रेग्युलेटर जास्तीची वीज शॉर्ट करून टाकतो आणि स्टेटर विनाकारण तापत राहतो. मला सिरीज पद्धतीचा, म्हणजे नको तेव्हा प्रवाह तोडणारा करायचा आहे. बॅटरी अचानक सुटली तर त्याने किती व्होल्ट सोसायचे, ते बेफाम वेगाचा आकडा धरूनच ठरवणार. ४४०० आरपीएमला बिनभाराचे ७२ होतात, म्हणून १०० व्होल्टचे मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) काढून ठेवले आहेत.