तबल्याचा दुसरा माइक

१६ डिसेंबर २०२४ च्या सकाळी, तबलावादक उस्ताद झाकिर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोत वारल्याची बातमी पक्की झाली, तेव्हा दादा गॅलरीत चहाचा कप हातात धरून बराच वेळ नुसते बसून राहिले. चहा निवून गेला. मग ते एवढेच म्हणाले, “तबल्याला दुसरा माइक त्यांच्यामुळे लागला रे.”

दादांचे नाशिकच्या पंचवटीत कर्णे, माइक आणि अँप्लिफायर भाड्याने देण्याचे दुकान होते. लग्ने, गणेशोत्सव, हरिनाम सप्ताह, कुठे एखादी गाण्याची बैठक, असे त्यांचे वर्ष जायचे. बैठकीत गाणाऱ्यापुढे एक माइक, पेटीला एक आणि तबल्याला एक, तोही अंमळ लांब, अशी त्यांची वर्षानुवर्षांची मांडणी होती, कारण साथीचे वाद्य पुढे येऊ नये असाच सगळ्यांचा समज होता. पुढे तबला शिकणारी मुले दायाँसाठी, म्हणजे उजव्या तबल्यासाठी एक आणि डाव्या डग्ग्यासाठी एक, असे दोन माइक मागू लागली. झाकिरभाईंच्या डग्ग्यावरची मींड, म्हणजे घसरत जाणारा नाद, त्यांनी कॅसेटवर आणि दूरदर्शनवर ऐकली होती आणि ती शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट असे. तबल्याला हा मान मिळवून देण्याची सुरुवात उस्ताद अल्लारखाँनी केली होती हे खरे, पण तो मान गल्लीतल्या मुलापर्यंत नेला त्यांच्या मुलाने, झाकिरभाईंनी. १९७३ मध्ये साथीदारांसह ‘शक्ती’ हा वाद्यवृंद सुरू करणाऱ्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच रात्रीत तीन ग्रॅमी मिळवणाऱ्या या माणसाचे मला मात्र एक छायाचित्र अधिक आठवते. मे २०२२ मध्ये पं. शिवकुमार शर्मा गेले, त्यांच्या पार्थिवाला झाकिरभाईंनी खांदा दिला आणि मग ते चितेपाशी एकटेच उभे राहिले. ज्यांच्या संतूरला जन्मभर साथ केली, त्यांची साथ तिथेही सोडली नाही.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर आमच्या घराला याहून जड गेला होता. १० डिसेंबर २०२२ रोजी लावणीगायिका सुलोचना चव्हाण गेल्या. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. ती इतक्या उशिरा का, याचे मला आजही वाईट वाटते. दादा सांगत, कर्ण्याला खर्ज पेलत नाही, भारी आवाजाचा त्यात नुसता घोंगाट होतो. पण सुलोचनाबाईंची तबकडी लावली की रामकुंडापलीकडच्या माणसालाही शब्दन् शब्द कळायचा. ‘पदरावरती जरतारीचा मोर’ मी असंख्य वेळा कर्ण्यावर ऐकली आहे आणि ‘जरतारीचा’ या शब्दातले एकही अक्षर कधी पुसट झालेले मला आठवत नाही. लावणीतला शब्द कसा टाकावा, हे आपल्याला पती श्यामराव चव्हाण यांनी शिकवले, असे बाई आवर्जून सांगत. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटले.

तरीही आमच्या दुकानात त्यांच्या तबकड्यांच्या पाकिटांवर तांबड्या पेन्सिलीची फुली असायची. ती आईने केलेली होती. फुलीची तबकडी लग्नघरी सकाळी लावायची नाही, जेवणावळी उठल्यावर मंडळींनी फर्माईश केली तरच लावायची, असा तिचा दंडक होता. मग एके संध्याकाळी दूरदर्शनवर बाई दिसल्या. डोक्यावरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, हात जागच्या जागी आणि आवाजात मात्र फडावरचा सगळा ठसका! आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, दारातच उभी राहून तिने सगळी लावणी ऐकली आणि म्हणाली, “अगं बाई, ही तर आपल्या आक्कासारखी दिसते.” आक्का म्हणजे माझी आजी. त्यानंतर नव्या पाकिटांवर फुली पडली नाही. लावणी घरंदाज की काय, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्या प्रश्नाचा निकाल माझ्यापुरता त्या दारात लागला.

१३ जानेवारी २०२४ रोजी शास्त्रीय गायिका डॉ. प्रभा अत्रे गेल्या, त्या दिवशी मुंबईत त्यांचे गाणे ठरलेले होते. वय ९१. त्यांची मारूबिहाग रागातली ‘जागू मैं सारी रैना’ ही स्वतःचीच बंदिश दादांना फार प्रिय, आणि अँप्लिफायर दुरुस्त झाला की ते पहिली तीच लावत, कारण तिच्यातल्या सरगमीत यंत्राचा दोष लगेच कळतो, असे त्यांचे म्हणणे होते.

दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली. परवा माळ्यावरून तबकड्यांची पेटी काढली. फुलीची पाकिटे सात निघाली, एकाची कड कसरीने खाल्लेली. तबकड्या शाबूत आहेत, पण प्लेअरचा रबरी पट्टा गळून गेला आहे. प्लेअर रविवार कारंज्याजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे ठेवून आलो. पट्टा मुंबईहून मागवावा लागेल, आठवडा तरी लागेल, असे ते म्हणाले. दादा रोज संध्याकाळी विचारतात, आला का पट्टा?