अँटिबायोटिकच्या आधी गुडघ्यातले पाणी

काही महिन्यांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एका आजींच्या कृत्रिम गुडघ्यातून काढलेले पाणी तपासणीला आले. सांधा बदलून दोन वर्षे झालेली, गुडघा तेव्हापासून ठणकत राहिलेला, ताप मात्र एकदाही नाही. फॉर्मच्या तळाशी लिहिले होते : गेले दहा दिवस अँटिबायोटिक चालू. ते वाचून मला फार वाईट वाटले, कारण औषधाने दबलेला जंतू कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) वाढत नाही आणि संसर्ग आत तसाच राहतो.

अशा जुनाट संसर्गात जंतू धातूवर चिकट थर करून दडतात. त्यामुळे रक्तातले सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे प्रथिन) कधीकधी अगदी सामान्य येते. नैसर्गिक सांध्यात पू झाला असेल तर एका मायक्रोलिटरमध्ये 50,000 पांढऱ्या पेशी पाहण्याची आपल्याला सवय असते. कृत्रिम सांध्यात मात्र 3,000 च्या वरचा आकडाही संशयाला पुरेसा धरतात. आजींच्या पाण्यात 4,200 पेशी होत्या आणि कल्चर कोरे आले.

शल्यविशारदांशी मी फोनवर बोललो. आजींची प्रकृती स्थिर असल्याने औषध दोन आठवडे बंद ठेवून मग शस्त्रक्रिया करायची, आणि स्वॉब (कापसाच्या बोळ्याने पुसून घेतलेला नमुना) न घेता पाच वेगवेगळ्या जागांचे ऊतींचे तुकडे, दर वेळी नवे चिमटे वापरून, पाच स्वतंत्र बाटल्यांत पाठवायचे असे ठरले. हा आग्रह मी सोडत नाही. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जंतू आपल्या सर्वांच्या त्वचेवर असतो. तो एकाच बाटलीत सापडला तर बाहेरून मिसळला असेल अशी शंका राहते, पण दोन बाटल्यांत तोच जंतू वाढला की निदान पक्के होते. काढलेला सांधा द्रवात बुडवून ध्वनिलहरींनी हलवला तर थरातले जंतू सुटून येतात, मात्र ती सोय आमच्याकडे नाही.

शस्त्रक्रियेतले तुकडे आल्यावर ते जंतू वाढवायच्या प्लेटवर लावले. पाच दिवस प्लेट कोऱ्याच होत्या. अनेक ठिकाणी पाचव्या दिवशी ‘वाढ नाही’ असा अहवाल देऊन मोकळे होतात. आम्ही चौदा दिवस थांबतो, कारण क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेससारखे जंतू फार सावकाश वाढतात. सहाव्या दिवशी सकाळी प्लेट उजेडात तिरकी धरली, तेव्हा सुईच्या टोकाएवढे करडे ठिपके दिसले. पाचपैकी तीन नमुन्यांत एकच एपिडर्मिडिस निघाला. कोणते औषध त्याला लागू पडते, हे दोन दिवसांत कळवता आले. उरलेल्या दोन बाटल्या मी चौदाव्या दिवसापर्यंत इन्क्युबेटरमध्येच ठेवल्या.