घायपात, दोन प्लास्टिक आणि मधली पकड

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिलीन) या दोन प्लास्टिकांच्या मिश्रणात घायपाताचे (सिसल) तंतू घालून कंपोझिट, म्हणजे तंतूंनी बळकट केलेलं प्लास्टिक, बनवलं. अशा कामात नेहमी वापरल्या जाणाऱ्या काचतंतूची घनता साधारण २.५ ग्रॅम प्रति घन सेंमी, घायपाताची १.५च्या आसपास, ओढ होती ती या हलकेपणाची. प्रत्यक्षात बहुतेक वेळ गेला पाण्याशी झुंजण्यात. तंतूतलं सेल्युलोज ओलावा धरून ठेवतं आणि ही दोन्ही प्लास्टिकं पाण्याला जवळ करत नाहीत. मग त्यांची पकड बसणार कशी?

तंतू आधी ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवले. मेण आणि बरंचसं हेमिसेल्युलोज (तंतूतला सेल्युलोजसोबतचा दुसरा घटक) निघून पृष्ठभाग खरबरीत होतो. द्रावण फार तीव्र केलं तर तंतूच कमजोर पडतो. नंतर भरपूर धुणं आणि ८० अंशांना ओव्हनमध्ये वाळवणं. इथे घाई अजिबात नको. राहिलेला ओलावा एक्स्ट्रूडरमध्ये (प्लास्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रात) वाफ होतो आणि नमुन्यात पोकळ्या सोडतो.

तापमानाला वाव थोडा. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं आणि २००च्या पुढे तंतू करपू लागतो. शिवाय ही दोन प्लास्टिकं वितळूनही एकजीव होत नाहीत. तंतू आणि प्लास्टिकची पकड बसावी म्हणून मॅलिक ॲनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन जोडद्रव्य म्हणून थोडं घातलं. त्याचं एक टोक तंतूवरच्या हायड्रॉक्सिल गटांशी बंध करतं, लांब साखळी पॉलिप्रॉपिलीनमध्ये गुंतते. एचडीपीईशी मात्र त्याचं तितकं जमत नाही.

चाचण्यांमध्ये ताठपणा वाढला, तुटेपर्यंतचं ताणणं घटलं. हे अपेक्षितच होतं. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तुटलेल्या नमुन्यांच्या सूक्ष्मदर्शक चित्रांनी. जोडद्रव्याशिवायच्या नमुन्यात तंतू अख्खे उपसून आलेले, मागे गुळगुळीत भोकं. जोडद्रव्य असलेल्यात तंतू जागीच तुटलेले, अंगाला प्लास्टिक चिकटलेलं. ताणसामर्थ्य त्यामुळेच वाढलं. पण उपसून येताना तंतू जी ऊर्जा शोषतो ती आता कमी झाली, म्हणून आघात चाचणीत तसाच फायदा गृहीत धरू नका. पकड किती घट्ट हवी, हे वस्तू कशासाठी आहे त्यावर ठरवावं, असं माझं ठाम मत झालं.

पाणी शोषणाची २४ तासांची चाचणी पुरेशी नाही. वजन त्यानंतरही बराच काळ वाढत राहतं, म्हणून ते स्थिरावेपर्यंत मोजा. कापलेल्या कडांवर तंतूंची टोकं उघडी पडतात आणि पाणी तिथून आत शिरतं. कापलेले आणि साच्यातून थेट निघालेले नमुने एकाच तक्त्यात मिसळू नका.