तुम्ही विचारलंत म्हणून: पळायला जाता तेव्हा मुलं कुणाकडे असतात?

सोसायटीची लिफ्ट, शाळेचं गेट, कुणाच्या मुंजीची पंगत, कुठेही गेलं तरी हा प्रश्न येतोच, "तुम्ही दोघं पळता म्हणे, मग मुलं कुणाकडे असतात?" आणि गंमत अशी की हा प्रश्न फक्त मला येतो, नवऱ्याला लोक टायमिंग विचारतात. तर आता एकदाच लिहून टाकते. मुलं आमच्याकडेच असतात, कारण आम्ही दोघं एकत्र पळतच नाही. ते एकसारख्या टीशर्टातले जोडीचे फोटो दिसतात ना, ते वर्षातून एखाद्या वेळचे, सासूबाई आल्या असतील तेव्हाचे.

एरवी वार वाटलेले आहेत. मंगळ-गुरू-शनी माझे, सोम-बुध-शुक्र त्याचे, आणि रविवार आलटून पालटून कारण लांबचं पळणं रविवारीच जमतं. ज्याचा वार त्याने सव्वापाचला उठायचं, आवाज न करता, बूट दाराबाहेर घालायचे, आणि सव्वासहाला घरात म्हणजे घरात, कारण पुढे डबा, वेणी, स्कूल व्हॅन. ज्याचा वार नाही त्याच्याकडे धाकटा. तो पाचलाच उठून बसला तरी त्याच्याकडेच, पळणाऱ्याला "याचा निळा कप कुठंय" म्हणून फोन करायचा नाही. आणि अजून एक, वार हुकला तर हुकला, तो पुढे ढकलून मागायचा नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण एकदा का "तुझे दोन दिवस झाले, माझे बाकी आहेत" अशी उधारी सुरू झाली की पळणं राहतं बाजूला आणि वहीच लिहावी लागते.

परत आल्यावरचं बघायला पाहिजे तुम्ही. दार उघडतं, तो घामाने निथळतोय, वेताळ टेकडीची लाल माती बुटाला, आणि मी काही न बोलता धाकट्याला त्याच्या हातात देते. "दूध झालंय, शी नाही झाली." एवढाच रिपोर्ट. तो मुलाला कडेवर घेऊनच पाणी पितो, मुलगा त्याचं घामेजलेलं कानशील चाटून "खारट" म्हणतो, आणि मी कुकर लावायला वळते.

"पण एवढ्याशा वेळात काय फिट होणार?" हा पुढचा प्रश्न. अहो, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी बघा, मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, नाहीतर ७५ ते १५० मिनिटं दमवणारा, आणि दोन दिवस ताकदीचा. पंचाहत्तर मिनिटं म्हणजे पंचवीस-पंचवीसचे तीन दिवस झाले की. आमचं गणित तिथूनच निघालं. सुरुवातही मिनिटभर पळ, दोन मिनिटं चाल अशीच केली, आणि पळताना शेजारच्याशी धड वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी, एवढा एकच नियम. घड्याळ नव्हतं, नव्हतंच लागत. नवऱ्याची शुगर काठावर होती ती खाली आली, पण पोट मात्र नुसत्या पळण्याने हललं नाही हो, रात्री दहाचा फरसाण बंद झाल्यावर हललं, हेही सांगून टाकते, उगाच पळण्याला सगळं श्रेय नको.

आता हे खास बायकांसाठी, कारण हे कुणी मोठ्याने बोलत नाही. बाळंतपणानंतर लगेच पळायला सुटू नका. इंग्लंडमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात किमान तीन महिने थांबा म्हटलंय, तेही ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंची ताकद परत आली असेल तर. माझं दुसरं सिझर, आणि शिंकले, उडी मारली की लघवीचे थेंब सुटायचे. आई म्हणाली बायकांना होतंच असं, मैत्रीण म्हणाली पॅड लाव आणि पळ. मी फिजिओकडे गेले, तिने आधी नुसते ते स्नायू आवळून धरायला आणि सोडायला शिकवलं, मग चालणं, मग एका पायावर उभं राहणं, आणि मग कुठे पळणं. होतं हे बरोबर आहे, पण त्यावर इलाज असतो. आणि अंगावर पाजत असाल तर पाजूनच बाहेर पडा, नाहीतर छाती इतकी जड होते की दुसऱ्या वळणावरच परत फिराल.

गुडघ्यांचंही विचारतात सगळे, विशेषतः खालच्या मजल्यावरचे काका, जे स्वतः पार्किंगपर्यंतसुद्धा स्कूटर काढतात. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात हौसेने पळणाऱ्यांमध्ये खुब्याची किंवा गुडघ्याची झीज ३.५ टक्क्यांना, न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्क्यांना, आणि स्पर्धेच्या पातळीवर पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्क्यांना आढळली. आता ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते पळणं सोडून देत असतील आणि म्हणून आकडा कमी दिसत असेल हेही खरं, पण निदान "पळलात की गुडघे गेले" असं तरी त्यातून निघत नाही. आमचं दोघांचं पळणं हौशीच आहे, काकांनी निश्चिंत राहावं.

भांडणं होतात का? होतात ना. सगळ्यात मोठं साताऱ्यावरून झालं. तिथली हिल हाफ मॅरेथॉन, २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि तोच उतरून यायचं, पावसाळा संपता संपता असते त्यामुळे घाटात धुकं. दोघांनी नाव घातलं, दोघांनी घाटासाठी म्हणून टेकडीवर चढ मारले, आणि आदल्या रात्री लॉजवर मोठीला ताप. आता कोण पळणार? तो म्हणाला तू जा, मी म्हटलं तू जा, आणि हे प्रेमाने चाललं होतं असं समजू नका, दोघांनाही मनातून जायचं होतं आणि दोघांनाही त्याग केल्याचं पुण्य पण पाहिजे होतं. शेवटी रविवार कुणाचा होता ते बघितलं. माझा होता. मी पळले, उतारावर मांड्या थरथरत होत्या, आणि तो लॉजच्या खोलीत पट्ट्या ठेवत बसला, दुपारपर्यंत माझ्याशी फारसा बोलला नाही. त्याच्या जागी मीही बोलले नसते.

यंदा परत दोघांची नावं घातलीत. सासूबाई सांगलीहून येते म्हणाल्यात, पण त्यांची अट आहे, पहाटे चारला त्यांना कुणी उठवायचं नाही आणि मुलांना मोबाईल दिला तर मागून तोंड वाकडं करायचं नाही. दोन्ही मान्य केलंय. फक्त रविवार कुणाचा येतोय ते अजून दोघांनीही कॅलेंडरवर बघितलेलं नाही, म्हणजे मी तरी बघितलंय.